पिल्लाला काय सांगून निघायचं

आमच्याकडं कुत्र्याला घरात कोंडून कोणी कामाला जात नाही. कुत्रं दारात असतं, गल्लीत असतं, दुपारी कुणाच्या तरी सावलीला पडलेलं असतं. म्हणून मी पहिल्यांदा पिल्लू आत ठेवून दाराला कुलूप लावलं, तेव्हा समोरच्या नळावरच्या बायका हंडे भरायच्या थांबल्या.

"काय गं, सोनं ठिवलंस का आत?" एक म्हणाली.

"सोनं आसतं तर कुलूप लावलं नसतं तिनं," दुसरी म्हणाली. "कुत्रं हाय म्हून लावायलीय."

मी खाली मान घालून निघाले. अशा वेळी मला उत्तर सुचत नाही. सुचतं ते कामावर पोचल्यावर, आणि तेव्हा ऐकायला कोणी नसतं.

पिल्लू मी मुद्दाम आणलेलं नव्हतं. संक्रांतीनंतरच्या थंडीत पिठाच्या गिरणीजवळ ते सापडलं. त्याची आई हायवेवर गाडीखाली गेली होती आणि बाकीची पिल्लं कुणी कुणी नेली होती. हे एकच राहिलं होतं, कारण ते गिरणीच्या पोत्यांमागं झोपलेलं असायचं आणि कुणाला दिसायचं नाही. मी डबा घेऊन निघाले तर मागं मागं यायला लागलं. अंगावर पीठ, त्यामुळं रंगही कळेना. घरी येऊन पुसलं तेव्हा तांबूस निघालं. त्याला नाव ठेवायचं मला सुचलं नाही. घरात मी एकटी आणि ते एकटं, तिसरं कोणी नाही, मग नावाची गरज कुणाला? भाकरी चुरली की मी "ये" म्हणायची, अंगणात लांब गेलं की "ये ये" म्हणायची, आणि ते यायचं.

मी तेरखेड्यात दारूच्या कामाला आहे. दारू म्हणजे शोभेची, फटाक्याची. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा लांबचे पाहुणे "मुलीची आई दारूच्या कामाला जाते" एवढंच ऐकून गप्प झाले होते. मग आमच्यातल्या एकानं समजावून सांगितलं. माझं काम कागदाच्या नळ्या वळायचं. जाड कागदाच्या पट्टीला खळ लावायची, सळईवर गुंडाळायची, सळई काढून घ्यायची, नळी उन्हात ठेवायची. खळीत किड्यांसाठी मोरचूद घातलेलं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय मी पिल्लाला कधी शिवले नाही.

ठिणगीच्या भीतीनं तिथले नियम कडक. काडेपेटी नाही, मोबाईल नाही, टेरिकॉटची साडी नाही, चप्पल बाहेर. पिल्लू आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी कामावर बसलेली, आणि शेजारची बाई माझ्या पाठीमागं बघून हसायला लागली. वळून बघते तर वाळत घातलेल्या नळ्यांवर हे बसलेलं. अर्धा तास चालत माझ्या मागं आलं होतं आणि तारेखालून आत शिरलं होतं. राखणदार पळत आला. त्यानं त्याला मानेला धरून उचललं.

"बाई, हितं माणसाची चप्पल आत येत न्हाई आन् तुमी कुत्रं आणलं?"

"मी न्हाई आणलं. ते आलं."

"पुन्हा आलं तर पोत्यात घालून लांब सोडून येईन. न्हाईतर तुमी घरी बसा आन् राखत बसा त्याला."

त्याचं खरं होतं. दारूच्या जागेत उड्या मारणारं पिल्लू कुणाला चालेल? दुसऱ्या दिवशी मी बाजारातून कुलूप आणलं.

सकाळी मी लवकर उठायची. भाकरी दुधात कुस्करून त्याला द्यायची. पाण्याला जड घमेलं ठेवलं होतं, हलकं भांडं ते उलटं करायचं. माझी जुनी साडी घडी घालून कोपऱ्यात टाकली होती. डोक्यावर पत्रा आहे, पण थंडीचे दिवस होते म्हणून बरं. उन्हाळा असता तर तिथं ठेवायची माझी छाती झाली नसती. सगळं झालं की दाराशी बसून त्याच्या हनुवटीखाली खाजवायची, "येते हं, येते, येते रे" म्हणायची, आणि पटकन बाहेर होऊन कुलूप लावायची.

संध्याकाळी आले की ते अंगावर उड्या मारायचं, आनंदानं तिथंच मुतायचं. दाराच्या खालच्या फळीवर ओरखडे दिसायचे. मला वाटायचं, खेळत असेल. दिवसभर झोपत असेल आणि माझी वेळ झाली की दारापाशी येऊन बसत असेल. मला त्याचं बरंही वाटायचं. आपण नसताना घरात काय होतं हे आपल्याला कळायला मार्ग नसतो, मग आपल्याला बरं वाटेल तेच आपण धरून चालतो.

शेजारी चाचा आणि चाची राहतात. त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यात एकच भिंत, आणि ती पत्र्यापर्यंत गेलेली नाही. वर हातभर फट आहे. त्यांच्याकडची फोडणी मला कळते आणि माझ्याकडचा खोकला त्यांना. चाचा जन्मभर लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवत होते. दिवाळीनंतर ते मोरीत पडले आणि खुबा मोडला. तेव्हापासून भिंतीला लागून त्यांची खाट होती. चाची बोलायला मोकळी, माझ्या उलट. पण त्या आठवड्यात ती माझ्याशी बोलेना. मी दिसले की ओढणी सारखी करून आत जायची. मला वाटलं, कुत्रं घरात ठेवलं म्हणून असेल. त्यांच्यात कुत्रं शिवलं तर नमाजाचे कपडे बदलावे लागतात, हे मला ठाऊक होतं.

रविवारी संध्याकाळी ती आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. पिल्लू पुढं झालं तशी दोन पावलं मागं सरली. मी त्याला मांडीत घेतलं.

"एक बात बोलू का? राग धरू नको."

"बोला की, चाची."

"तुझं पिल्लू दिवसभर रडतंय."

मांडीतलं पिल्लू माझी बांगडी चावत होतं.

"भुंकत न्हाई गं. भुंकलं आसतं तर मी कशाला आले आसते, कुत्र्यानं भुंकायचंच आसतं. रडतंय. गळा काढून, लांब." तिनं भिंतीकडं बोट केलं आणि आवाज बारीक केला. "आन् हे तिकडं खाटंवर. तिसरा महिना चाललाय. कुत्रं कशापायी रडतंय, ते तुला मी सांगावं का?"

सांगायची गरज नव्हती. कुत्रं रडायला लागलं की आमच्या गल्लीत पहिल्यांदा आजारी माणसं मोजतात. मग कोणी तरी दगड घेऊन बाहेर येतं. लहानपणी मीही मारलेत दगड. माझे मालक गेले तेव्हा कुठलंच कुत्रं रडलं नव्हतं, हेही मला आठवत होतं, पण ते मी चाचीला कसं सांगणार? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मी काय मारून टाक म्हणत न्हाई," ती म्हणाली. "कुणाला तरी दे. पुढच्या ऐतवारपर्यंत. माझं काळीज थाऱ्यावर राहत न्हाई बग."

मी मान हलवली. मला नाही म्हणता येत नाही, आणि नाही म्हणायला तोंड तरी कुठं होतं?

सोमवारी मी त्याला खाटकाकडून हाड आणून दिलं. म्हटलं, चघळत बसेल. संध्याकाळी हाड होतं तसंच पडलेलं, आणि चाचीचं दार लावलेलं. मंगळवारी कामावर कागद संपला आणि मुकादमानं दुपारीच सोडलं. मी मागच्या बोळातून आले आणि घराच्या पाठीमागं थांबले.

ते रडत होतं. चाची म्हणाली होती तसंच, लांब. मध्ये थांबायचं, दाराला नखं घासायचं, परत सुरू करायचं. मला वाटत होतं की घर ओळखीचं आहे, भाकरी आहे, साडी आहे, मग त्याला काय कमी आहे? भिंतीला टेकून मी ऐकत उभी राहिले. आत जाऊन त्याला उचलावं असं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हते, कारण हा आवाज माझ्यामुळं निघतो आहे आणि पलीकडच्या खाटेवर एक माणूस तो रोज ऐकतो आहे. दोन्ही गोष्टी माझ्याच हातच्या होत्या.

बुधवारी मी कामावरच्या माझ्या शेजारच्या बाईला विचारलं. तिच्या भावाची मेंढरं आहेत. त्याला पिल्लू हवंच होतं. रविवारी येऊन नेतो, असं त्याचं दुपारपर्यंत ठरलंसुद्धा. मी बरं म्हटलं. त्यानंतर वळलेल्या पंधरा-वीस नळ्या सैल निघाल्या, त्या परत उकलाव्या लागल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी मी चुलीपाशी होते, तर भिंतीवरून आवाज आला.

"बेटी, हायस का?"

अकरा वर्षं शेजारी राहून चाचा माझ्याशी सरळ कधी बोलले नव्हते, मीही नाही. मध्ये भिंत असूनही मी पदर सारखा केला.

"हाय, चाचा."

"तुझं पिल्लू पेटीच्या काळी दोनमध्ये रडतंय. लई साफ सूर हाय त्याचा."

मला हसावं का रडावं कळेना. "त्याचा तुमाला लई तरास झाला," मी म्हटलं. "ऐतवारी नेणारेत त्याला."

"ते ऐकलं म्या. चाची म्हणती, ते माझ्यासाठी रडतंय. म्या म्हणलं, माझी त्याची वळख कुठं हाय? त्यानं माझं तोंडसुदिक बगितलं न्हाई. ते तुझ्यासाठी रडतंय."

"पण मी रोज संध्याकाळी येतेच की."

"ऐक. मला दुसरं काम न्हाई, म्हून मी रोज ऐकतो. तू भाकरी थापतीस, ते गप. भांडी घासतीस, गप. चपला घालतीस, तरी गप. मंग तू त्याला बोलावतीस."

"मी? न्हाई चाचा, मी कुठं बोलावते?"

"नाव घेऊन बोलावतीस."

"त्याला नावच न्हाई."

"हाय की. 'ये' हेच त्याचं नाव हाय. जेवाया 'ये', झोपाया 'ये', अंगणातून 'ये'. दिवसातून पन्नास बार ऐकतो मी. आन् सकाळी दाराशी बसून काय म्हणतीस त्याला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शब्द ओठांवरच थांबला. मी रोज म्हणत होते, येते.

"तीन-तीन बार म्हणतीस," चाचा म्हणाले. "येते हं, येते, येते रे. ते बिचारं 'ये' ऐकून पळत येतंय आन् तू त्याच्या तोंडावर दार लावतीस. मला कुणी नाव घेऊन बोलावलं आन् दार लावलं, तर मी बी रडंल."

मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून खाली बसले. पिल्लू भाकरीच्या वासानं जवळ आलं होतं. मी त्याला काही बोलले नाही. बोलायची भीतीच वाटली.

घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. ते आधीपासूनच असतं. जाते म्हटलं की कोणी तरी ओरडतंच, "येते म्हण!" दारूच्या कामाला जाणारी बाई तर तो शब्द चुकूनही काढत नाही. पण मी तीन-तीनदा का म्हणत होते, ते मला त्या दिवशी चुलीपाशी बसल्यावर कळलं. मालक गेले, मग मुलगी सासरी गेली. त्यानंतर आठ वर्षं मी सकाळी नुसती कडी लावून गप्प निघत होते. रिकाम्या घराला कोणी येते म्हणत नाही. पिल्लू आलं आणि मला सांगून निघायला कोणी तरी मिळालं. ते सांगणं मला इतकं गोड लागत होतं की ते त्याला कसं ऐकू येत असेल हा विचारच मी केला नाही.

"चाचा, मग काय म्हणू?"

"कायबी म्हणू नको. गप निघून जा."

"तसं कसं?"

"मंग 'जाते' म्हण."

तेवढ्यात पलीकडं भांडं आपटल्याचा आवाज झाला आणि चाची ओरडली, "तौबा! बारुदच्या कामाला जाणारी बाई ती, आन् तिला जाते म्हणाया लावता? अक्कल हाय का? आमी तरी कव्हा 'जाती' म्हणतो का? आमी बी 'जाके आती'च म्हणतो!"

मग चाचा सावकाश म्हणाले, "बेटी, ऐकलंस का? जाके आती. ह्यात 'ये' कुठंच न्हाई."

"आन् 'आ' म्हंजे काय मग?" चाची म्हणाली. "'आ' म्हंजे 'ये'च की!"

"ते तुला आन् मला ठाऊक. ते पिल्लू मराठी हाय."

आणि चाचा हसले. मोठ्यानं हसले, खाट करकरली, दुखलं म्हणून कण्हले आणि परत हसले. चाची भांडी आवरायला लागली.

मग ते मला शिकवायला लागले, भिंतीपलीकडून. बँडात नव्या माणसाला पहिल्या दिवशी अख्खी चाल देत नाहीत, एकच सूर धरायला लावतात, असं म्हणाले. तसं करायचं. जाके आती म्हणायचं, बाहेर जायचं, दार लावायचं, पाच आकडे मोजायचे, परत आत. त्याला उचलायचं नाही, लाड करायचे नाहीत, काही झालंच नाही असं चुलीपाशी जाऊन बसायचं. मग दहा आकडे. मग नळापर्यंत जाऊन यायचं. मला तो शब्द तोंडात धरता येईना. "जाके आती" म्हणताना मला माझाच आवाज परका वाटायचा आणि कान गरम व्हायचे. नळावरच्या बायकांनी ऐकलंच.

"काय गं, कुत्रं निजामाच्या घरचं हाय का काय?"

"पुढल्या हप्त्यात गझल म्हणल बग ते!"

मी घागर न भरताच परत आले. पण पिल्लू बघण्यासारखं झालं होतं. मी जाके आती म्हणाले की ते मान तिरपी करायचं, माझ्याकडं बघायचं आणि जागेवरच बसायचं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि ते न कळणंच आम्हाला हवं होतं. चाचांनी त्याची साडी त्यांच्या भिंतीकडं अंथरायला सांगितली. ते भिंतीला पाठ लावून झोपायला लागलं.

गुरुवारी तरीही ते रडलं. शुक्रवारी सकाळी थोडं रडलं आणि दुपारी गप्प राहिलं, असं चाचांनी सांगितलं. चाचीनं काही सांगितलं नाही. शनिवारी मी आले तेव्हा ती दारात ज्वारी निवडत होती. मी समोर थांबले. विचारायचं होतं आणि विचारता येईना.

"आज न्हाई रडलं," ती सुपाकडं बघत म्हणाली. एवढंच.

मी तिला ऐतवारचं काही बोलले नाही. एका दिवसाच्या शांततेवर कसं बोलणार? आणि माणूस यायचा होता, मी शब्द देऊन बसले होते.

रविवारी सकाळी तो आला. पागोटं बांधलेला, खांद्यावर दोरी. मी चहा केला. त्यानं पिल्लाचे पाय दाबून बघितले, तोंड उघडून बघितलं.

"बरं हाय. पाय जाड हायत. मेंढरामागं पळंल."

मी म्हणणार होते की दादा, मला द्यायचं नाही. वाक्य मनात तयार होतं. त्यानं कप खाली ठेवला, दोरी पिल्लाच्या गळ्यात अडकवली, उठला, आणि मी तिथंच उभी. पिल्लू बसून राहिलं. त्यानं दोरी ओढली नाही, भला माणूस होता. फक्त म्हणाला, "ये. चल, ये ये."

आणि ते गेलं.

ते कुणाच्याही 'ये'ला जाणारं पिल्लू होतं, हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. शेपूट हलवत, त्याच्या पायात पायात करत, नळावरून, पानटपरीवरून पुढं गेलं. एकदाही मागं बघितलं नाही. मी दाराची चौकट धरून होते. कोपऱ्यावर ते दोघं वळणार, इतक्यात मी ओरडले.

"ये!"

माझा तेवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. नळावर सगळ्या जणी वळून बघायला लागल्या. पिल्लू थांबलं. मी परत ओरडले, "ये! ये ये!" आणि ते वळलं, दोरीसकट पळत सुटलं. दोरी त्या माणसाच्या हातून निसटली की त्यानं सोडली, ते मला अजून ठाऊक नाही. ते येऊन माझ्या साडीत शिरलं. तो माणूस मागोमाग आला. मला रडू येत होतं, त्यामुळं बोलता येईना.

तेवढ्यात चाची तिच्या दारातून म्हणाली, "भाऊ, ऱ्हाऊ द्या ते. तुमच्या कामाचं न्हाई."

"का वो?"

"ते उर्दूत राहतंय. तुमच्या मेंढरांना कळायचं न्हाई."

त्याला काही समजलं नाही, पण नळावरच्या बायका हसल्या म्हणून तोही हसला. दोरी सोडवून खांद्यावर टाकली. "आदी सांगायचं न्हाई का, बाई," एवढं मला म्हणाला. मी त्याला परत चहा केला. तोही त्यानं घेतला.

आत भिंतीवरून चाचांचा आवाज आला, "काय झालं गं? कोण वराडलं?"

"तीच वराडली," चाची म्हणाली. "आवाज हाय की तिला."

त्याला आता बरेच महिने झाले. चाचा अजून खाटेवरच असतात, पण काठीला धरून दारापर्यंत येतात. उन्हाळ्यात पत्रा तापायला लागला तेव्हा मी पिल्लाला चाचीच्या मागच्या कडुलिंबाखाली बांधून जायला लागले. ही जागा तिनंच दाखवली. मात्र ते तिच्या उंबऱ्याला शिवता कामा नये आणि शिवलं तर उंबरा मी धुवायचा, अशी अट घातली. दोनदा धुतलाय.

रडणं काही अगदी बंद झालेलं नाही. संध्याकाळी मी आले की हातपाय धुवायच्या आधी चाचीच्या दारात थांबते. आता मला विचारावं लागत नाही, ती आपणहून दिवसाचं सगळं सांगते.

"आज दोनदा रडलं," परवा म्हणाली. "एकदा भंगारवाला आला तव्हा. आन् एकदा उगंच."

"उगंच म्हंजे?"

"उगंच म्हंजे उगंच. तू न्हाई का रडत कव्हा उगंच?"

"रडते," मी म्हटलं.

"मंग," ती म्हणाली आणि सरकून पायरीवर मला जागा केली.